दंतमूलधावनाचीं द्रव्यें : कषाय, कार्बॉलिक व क्लोरीन

(१)

पुण्याच्या बुधवार पेठेंतून तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून अप्पा बळवंत चौकाकडे चालत जाणाऱ्यास आज दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात, आणि त्या पाट्यांवर ‘रूट कॅनाल’ हे शब्द नागरी लिपींत लिहिलेले असतात. सामान्य मनुष्य या शब्दांचा अर्थ ‘दांत न उपटतां त्याचें दुखणें थांबविण्याची क्रिया’ एवढाच घेतो. आणि तो अर्थ चुकीचा नाहीं. परंतु त्या क्रियेंतील जो निर्णायक भाग, म्हणजे दांताच्या मुळांतील पोकळी एखाद्या द्रवानें वारंवार धुणें, त्याची वार्ताहि बहुधा रोग्यास नसते. प्रस्तुत लेखाचा विषय तो द्रव हा आहे.

या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, ही विद्या आमच्याकडे सुश्रुताच्या काळींच पूर्णत्वास गेली होती, पाश्चात्यांनीं तिला नवें नांव तेवढें दिलें. दुसरा पक्ष म्हणतो, आमच्या वैद्यांना दांत उपटण्यापलीकडे कांहींच ठाऊक नव्हतें. हीं दोन्ही विधानें ग्रंथ न उघडतां केलेलीं आहेत. सुश्रुत व वाग्भट यांच्या संहिता छापून उपलब्ध आहेत. पाश्चात्य दंतवैद्यकांतील मूळ निबंधहि सनवार उपलब्ध आहेत. तेव्हां अभिमान व न्यूनगंड हे दोन्ही बाजूस ठेवून अस्सल आधार पाहावे, हा इतिहाससंशोधनाचा नेहमींचा मार्ग येथेंहि सोडण्याचें कारण नाहीं.

शिवाय या प्रश्नाचा निकाल केवळ पांडित्याचा नाहीं. काढ्याच्या गुळण्यांवर विसंबून किती दिवस थांबावें, दांत ठेवावा कीं काढावा, हे प्रश्न घरोघरीं उपस्थित होतात, आणि त्यांचीं उत्तरें देतांना लोक इतिहासाचाच आधार घेतात. इतिहास चुकीचा सांगितला गेला तर त्याचें मोल रोग्याला द्यावें लागतें.

(२)

प्रथम धावन कशाचें करावयाचें हें समजून घेतलें पाहिजे. दांत बाहेरून अखंड खड्यासारखा दिसला तरी आंतून पोकळ आहे. त्या पोकळींत रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांनीं भरलेला एक मऊ पदार्थ असतो. त्यास आपण दंतमज्जा म्हणूं. कीड खोल गेली म्हणजे जंतु या मज्जेपर्यंत पोंचतात, ती सुजते, आणि भोंवतालची भिंत कठीण असल्यामुळें सूज पसरावयास जागा न मिळून शेवटीं ती मरते. मेलेल्या मज्जेंत रक्त फिरत नाहीं. म्हणून शरीराची स्वाभाविक संरक्षक शक्ति तेथें पोंचूं शकत नाहीं, आणि पोटांत घेतलेलें औषधहि पोंचत नाहीं. जंतूंना राहावयास घर मिळतें व खावयास अन्न मिळतें. आणि मुळाच्या टोंकांतून त्यांचें विष हाडांत उतरून तेथें गळूं होतें.

ही पोकळी सरळ नळीसारखी असती, तर सुईएवढ्या कानशीनें ती खरवडून काम भागलें असतें. परंतु झुरिच येथील वाल्टर हेस् यानें शेंकडों दांतांच्या पोकळ्यांचे रबराचे ठसे घेऊन इ. स. १९२५ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत असें दाखविलें, कीं मुख्य नलिकेस बाजूच्या फांद्या, आडवे दुवे व टोंकापाशीं फांटे असतात. याशिवाय दांताच्या मुख्य घटकांत, म्हणजे डेंटिनांत, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या ते त्याच्या अडीचपटीपर्यंत रुंदीच्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात, आणि जंतु त्यांतहि शिरतात. कानस अशा ठिकाणीं पोंचत नाहीं. जेथें पोलाद जात नाहीं तेथें पाणी जातें, म्हणून धावन.

यावरून धावनद्रव्याकडून चार कामांची अपेक्षा निघते. खरवडलेला गाळ त्यानें वाहून न्यावा, जंतु मारावे, मेलेली मज्जा विरघळवावी, आणि कानशीनें भिंतीवर थापला गेलेला चुनखडीयुक्त लेप काढून सूक्ष्म नळ्यांचीं तोंडें मोकळीं करावीं. पांचवी अट निषेधात्मक आहे: मुळाच्या बाहेर जिवंत मांसास त्यानें अपाय करूं नये. पुढील सर्व तुलनेंत हाच मापदंड आम्हीं वापरला आहे.

(३)

आतां ग्रंथांकडे वळूं. सुश्रुतानें मुखरोगांचीं सात स्थानें सांगून एकंदर पासष्ट रोग गणले आहेत. वाग्भटाच्या गणनेंत ते पंचाहत्तर होतात. दांतांचे रोग व दंतमुळांचे रोग असे वेगळे वर्ग करून सुश्रुत दंतमुळाच्या रोगांत पांच प्रकारच्या नाड्या सांगतो. नाडी म्हणजे पू वाहून नेणारा अरुंद मार्ग. आजचे दंतवैद्य हिरडीवर ज्या लहान पुळीस मुळाच्या गळवाचें तोंड म्हणून ओळखतात, तिच्याशीं या दंतनाडीचें साम्य उघड आहे. रोगाचें निरीक्षण अचूक होतें, याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

चिकित्सास्थानांत या नाडीवर जो उपाय सांगितला आहे तो लक्षपूर्वक वाचला पाहिजे. ज्या दांताच्या आश्रयानें नाडी झाली असेल तो दांत काढावा, हिरडीचें दुष्ट मांस छेदावें, आणि मग क्षारानें किंवा अग्नीनें ती जागा शुद्ध करावी, असा क्रम आहे. उपेक्षा केल्यास नाडीची गति हनूचें हाड भेदून जाते, असा इशाराहि दिलेला आहे. वरचा दांत मात्र हलत असला तरी काढूं नये, कारण अति रक्तस्रावानें अर्दितासारखे घोर विकार होतात, असा अपवाद सांगितला आहे. यानंतर धुण्यासाठीं जाई, मदनफळ, खैर इत्यादींचा कषाय सांगितला असून तेथें ‘धावन’ हाच शब्द योजिला आहे.

येथें वादाचा निकाल लागतो. धावन आहे, कषाय आहे, नाडी शुद्ध करण्याची कल्पना आहे. परंतु धुतली जाते ती दांत काढल्यानंतरची जखम. दांत जागेवर ठेवून त्याच्या मुळाच्या आंत द्रव घालण्याची क्रिया या स्थळीं नाहीं.

वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत कृमिदंतावर जो उपाय सांगितला आहे, तो आधुनिक कल्पनेच्या अधिक जवळ जातो. किडलेल्या दांताची पोकळी गुळानें किंवा मेणानें भरून मग तिला डाग द्यावा. तसेंच सातवीण व रुई यांचा चीक पोकळींत भरला असतां कृमिशूल थांबतो, असें तो सांगतो. दांत जागेवरच ठेवून त्याच्या पोकळींत औषध घालावें, ही कल्पना येथें स्पष्ट आहे. परंतु हें पूरण व दहन झालें. प्रक्षालन नव्हे, आणि मुळाच्या नलिकेचा उल्लेखहि नव्हे.

तिसरा पुरावा गंडूषाचा. सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत वाग्भट गंडूषाचे स्नेहन, शमन, शोधन व रोपण असे चार प्रकार करतो. तोंड इतकें भरावें कीं द्रव हलवितां येऊं नये, तो गंडूष. हलवितां येतो तो कवल. तेल, तूप, मध, दूध, कांजी, मद्य हीं द्रव्यें रोग पाहून निवडावीं असें सांगितलें आहे. या विभागणींत एक मोलाचें तत्त्व आहे, तें असें, कीं एकच द्रव सर्व कामांना लागू नाहीं. शोधनाचें द्रव्य वेगळें व रोपणाचें वेगळें. हें तत्त्व आपण पुढें पुन्हां पाहूं. परंतु गंडूष तोंडांत धरावयाचा असतो; मुळाच्या आंत तो जात नाहीं. तोंडांत धरलेला द्रव आणि मूळनलिकेंत सोडलेला द्रव यांची गल्लत करणें म्हणजे वाड्याच्या अंगणांत सडा घालून तळघर धुतलें असें म्हणण्यासारखें आहे.

(४)

हें वैद्यक पेशवाईनंतर पुण्यांत कोणत्या मार्गानें टिकलें, याचे दोन धागे बुधवार पेठेच्या आसपासच सांपडतात. पेठेच्या शिवेवर असलेल्या विश्रामबागवाड्यांत इ. स. १८२१ मध्यें कमिशनर चॅप्लिन याच्या कारकीर्दींत संस्कृत पाठशाळा निघाली. तींत न्याय, व्याकरण, ज्योतिष, धर्मशास्त्र यांबरोबर वैद्यक हाहि विषय होता. दुसरा धागा छापखान्याचा. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं अरुणदत्ताच्या टीकेसह अष्टांगहृदय इ. स. १८८० मध्यें मुंबईस छापून प्रसिद्ध केलें. आणि पुण्याचे डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनीं त्याच शतकाच्या अखेरीस ‘सार्थ वाग्भट’ मराठींत आणिला. हे दोघेहि पाश्चात्य वैद्यक शिकलेले होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या ग्रंथाची किंमत ओळखण्यासाठीं नव्या विद्येचा द्वेष करावा लागत नाहीं, हें त्यांच्या कार्यावरूनच सिद्ध होतें.

या छापील ग्रंथांमुळें कषाय व गंडूष घरोघरीं पोंचले. परंतु त्याच पिढीस दुसऱ्या एका शुद्धीची ओळख फार कठोर रीतीनें व्हावयाची होती.

(५)

इ. स. १८९६ च्या अखेरीस प्लेग मुंबईहून पुण्यास आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच महिन्यांत वॉल्टर चार्ल्स रँड याच्याकडे पुण्याच्या प्लेगचा बंदोबस्त देण्यांत आला, आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांचीं पथकें घरांची झडती घेऊं लागलीं. बुधवार पेठ ही शहराच्या मध्यावरची, दाट वस्तीची. औरंगजेबाच्या मुक्कामांत इ. स. १७०३ मध्यें मुहियाबाद म्हणून वसलेली, पुढें पेशव्यांच्या काळीं बुधवार नांव पावलेली, आणि इ. स. १८४८ मध्यें भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा उघडली ती हीच पेठ. त्या सावित्रीबाईहि प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनेंच वारल्या.

झडतीच्या पथकांमागून निर्जंतुकीकरणाचीं व चुना फांसणाऱ्यांचीं पथकें येत. मुंबई इलाख्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत कार्बॉलिक आम्ल, पाऱ्याचें परक्लोराइड व चुन्याची सफेदी हीं मुख्य साधनें होतीं. जमिनी उकरल्या गेल्या, सामान रस्त्यावर काढलें गेलें, कित्येकदां जाळलेंहि गेलें. देवघरें व माजघरें यांचा विटाळ झाल्याची जी तक्रार लोकांनीं केली, तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, तें सर्वांस ठाऊक आहे. त्या राजकीय इतिहासांत येथें शिरावयाचें नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे: त्या द्रव्यांनीं प्लेग कां थांबला नाहीं?

याचें उत्तर पुढील दहा वर्षांत मिळालें. पॉल-लुई सिमाँ यानें इ. स. १८९८ मध्यें प्लेगचा प्रसार उंदरावरील पिसवेमार्फत होतो असें प्रतिपादन केलें, आणि इ. स. १९०५ पासून मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत चाललेल्या शोधकार्यानें तें पक्कें केलें. म्हणजे द्रव्य भिंतीवर व जमिनीवर ओतलें जात होतें, आणि रोग उंदराच्या बिळांत व पिसवेच्या पोटांत होता. औषध निर्बळ नव्हतें. तें रोगाच्या घरापर्यंत पोंचत नव्हतें.

(६)

तीच द्रव्यें त्याच काळांत युरोप-अमेरिकेंतील दंतवैद्य दांताच्या मुळांत घालीत होते, ही गोष्ट आमच्या विषयास फार महत्त्वाची आहे. लिस्टरनें इ. स. १८६७ मध्यें जखमांसाठीं कार्बॉलिक आम्ल प्रचारांत आणल्यावर तें व क्रिओसोट दंतमुळांतहि गेलें. बर्लिनमध्यें रॉबर्ट कोखच्या परंपरेंत काम करणारा डब्ल्यू. डी. मिलर यानें इ. स. १८९० मध्यें तोंडांतील सूक्ष्म जंतूंवर ग्रंथ लिहिला. तेव्हांपासून मृत मज्जेंतील जंतु मारणें हें उघड ध्येय झालें. पाऱ्याच्या परक्लोराइडाचाहि त्यांत उपयोग होई.

येथें तुलनेची एक प्रसिद्ध चूक नमूद केली पाहिजे. कोखनें इ. स. १८८१ मध्यें निरनिराळ्या निर्जंतुक द्रव्यांची तुलना करून पाऱ्याच्या परक्लोराइडास फार वरचें स्थान दिलें. परंतु इ. स. १८८९ मध्यें गेपर्ट यानें असें दाखविलें, कीं प्रयोगांत जंतूंस चिकटून राहिलेला पारा रासायनिक रीतीनें काढून टाकला, तर मेलेले समजलेले जंतु पुन्हां वाढतात. ते मेले नव्हते, केवळ दबले होते. शिवाय कार्बॉलिक व पारा या दोहोंमुळें मांसांतील प्रथिनें गोठतात. गोठलेल्या थराखालीं द्रव्य उतरत नाहीं, आणि मृत मज्जा जागच्या जागीं राहते. मारणें व साफ करणें या दोन क्रिया भिन्न आहेत, हें येथें प्रथमच ठळकपणें दिसूं लागलें.

कांहीं दंतवैद्यांना हें आधींच उमगलें होतें. व्हिएन्नाचा एमिल श्रायर यानें इ. स. १८९३ मध्यें सोडियम-पोटॅशियमचें मिश्रण वापरून मृत मज्जा जाळून विरघळविली. अमेरिकेंत कॅलहन यानें इ. स. १८९४ मध्यें गंधकाम्लानें अरुंद नलिका मोकळ्या केल्या. एकानें अल्कलीनें मांसावर काम केलें, दुसऱ्यानें आम्लानें खनिजावर. दोन्ही उपाय दाहक होते व मागें पडले. परंतु सेंद्रिय मळ आणि खनिज मळ यांना वेगवेगळीं द्रव्यें लागतात, ही विभागणी त्यांनीं करून ठेविली.

दरम्यान एक आपत्ति ओढवली. इ. स. १९१० मध्यें लंडनचा वैद्य विल्यम हंटर यानें माँट्रियल येथील व्याख्यानांत दंतवैद्यांवर असा आरोप केला, कीं कुजक्या मुळांवर सोन्याचीं झांकणें घालून ते शरीरांत पुवाचे सांठे ठेवीत आहेत, आणि त्यांपासून दूरचे रोग उद्भवतात. त्याच्या आरोपांत तथ्यांश होता, पण त्यावरून जी लाट उठली तिच्यांत पुढील कांहीं दशकें लक्षावधि दांत, त्यांपैकीं कित्येक वांचविण्याजोगे, सरसकट उपटले गेले. धावनद्रव्य निकृष्ट असल्याची शिक्षा दांतांस झाली.

(७)

सुटका युद्धांतून आली. क्लोरीनयुक्त पाणी नवें नव्हतें. बर्थोले यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळ जाव्हेल येथें तें कापड शुभ्र करण्यासाठीं सिद्ध केलें. लाबाराक यानें इ. स. १८२० नंतरच्या दशकांत दुर्गंधिनाशासाठीं त्याचा प्रसार केला. झेमेल्वाइस यानें इ. स. १८४७ मध्यें व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावून बाळंतरोगाचे मृत्यु घटविले. पहिल्या महायुद्धांत जखमा सडूं लागल्या तेव्हां हेन्री ड्रिस्डेल डेकिन यानें अनेक द्रव्यें तपासून इ. स. १९१५ मध्यें सुमारें अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटाचें सौम्य द्रावण निवडलें, आणि अलेक्सिस कॅरेल यानें तें रबराच्या नळ्यांनीं जखमेंत दर दोन तासांनीं सोडण्याची पद्धति बसविली.

दर दोन तासांनीं कां, याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. क्लोरीन मृत मांसाशीं झगडतां झगडतां स्वतःहि खर्ची पडतो. द्रावण भरून ठेवून भागत नाहीं. ताजें द्रावण सतत बदलावें लागतें. हाच नियम दंतमुळांत लागू पडला. अमेरिकेंत वॉकर यानें इ. स. १९३६ मध्यें क्लोरीनयुक्त सोड्याचें तीव्र द्रावण मूळनलिकेसाठीं पुरस्कारिलें. ग्रॉसमन व मेमन यांनीं इ. स. १९४१ मध्यें दंतमज्जा विरघळविणाऱ्या द्रव्यांची प्रत्यक्ष तुलना करून यालाच पहिलें स्थान दिलें. कार्बॉलिक जें गोठवीत होतें, तें क्लोरीन विरघळवूं लागला. जंतु मारणें आणि त्यांचें अन्न नाहींसें करणें या दोन क्रिया प्रथमच एका द्रवांत एकत्र आल्या.

(८)

आजच्या तुलनेचा सारांश आतां थोडक्यांत देतां येईल.

मिठाचें निर्जंतुक पाणी केवळ गाळ वाहून नेतें. बाकीचीं तीन कामें तें करीत नाहीं. तथापि तें निरुपयोगीहि नाहीं. स्वीडनमधील बिस्ट्रॉम व सुंडक्विस्ट यांनीं इ. स. १९८३ मध्यें पंधरा-पंधरा मुळांची तुलना प्रसिद्ध केली. पांचव्या भेटीच्या वेळीं अर्धा टक्का हायपोक्लोराइटानें धुतलेल्या पंधरांपैकीं बारा मुळांत जंतु सांपडले नाहींत. मिठाच्या पाण्यानें धुतलेल्या पंधरांपैकीं आठांत सांपडले नाहींत. या आंकड्यांतून दोन गोष्टी दिसतात: नुसत्या खरवडण्यानें व धुण्यानेंहि निम्मी लढाई होते, आणि उरलेली लढाई द्रव्याच्या गुणावर ठरते.

हायड्रोजन पेरॉक्साइड फेंसाळून गाळ वर आणतें. ग्रॉसमन यानें इ. स. १९४३ मध्यें तें हायपोक्लोराइटाशीं आळीपाळीनें वापरण्याचें सुचविलें. परंतु मज्जा विरघळविण्याची शक्ति त्यांत नगण्य असल्यामुळें तें मागें पडलें.

सोडियम हायपोक्लोराइट अर्ध्या टक्क्यापासून सुमारें सहा टक्क्यांपर्यंत निरनिराळ्या तीव्रतेचें वापरतात. तीव्र द्रावण मज्जा लवकर विरघळवितें, पण मुळाच्या टोंकाबाहेर गेल्यास तत्काल असह्य वेदना व मोठी सूज उत्पन्न करतें. म्हणून बाजूस छिद्र असलेली सुई, हलका दाब, आणि दांताभोंवतीं रबराचा पडदा हीं बंधनें पाळावीं लागतात. खनिज लेप मात्र यानें निघत नाहीं. तो लेप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें मॅककोंब व स्मिथ यांनीं इ. स. १९७५ मध्यें स्पष्टपणें दाखविला; आणि तो काढणारें द्रव्य, चुना धरून घेणारें ई. डी. टी. ए., नॉर्वेच्या नायगार्ड-ऑस्टबी यानें इ. स. १९५७ मध्येंच दंतमुळांसाठीं पुढें आणिलें होतें. तें बहुधा सतरा टक्के वापरतात. तें जंतु फारसे मारीत नाहीं व मज्जा विरघळवीत नाहीं. उलट हायपोक्लोराइटांत मिसळल्यास त्यांतील क्लोरीनचें बळ हरण करतें.

क्लोरहेक्सिडीन दोन टक्के वापरतात. डेंटिनास चिकटून तें बराच काळ प्रभाव टिकवितें, हा त्याचा गुण. मृत मज्जा विरघळवीत नाहीं, हा त्याचा दोष. हायपोक्लोराइटाशीं त्याचा संबंध आल्यास नारिंगी-तपकिरी सांका पडून नळ्यांचीं तोंडें बुजतात. म्हणून मध्यें दुसऱ्या पाण्यानें धुवावें लागतें. आणि गेपर्टनें दाखविलेली चूक येथेंहि होऊं शकते: चिकटून राहिलेलें क्लोरहेक्सिडीन प्रयोगाच्या नळींत निष्प्रभ केलें नाहीं, तर जंतु मेल्याचा आभास होतो.

राहिलीं वनस्पतिद्रव्यें. भारतीय संशोधकांनीं इ. स. २०१० मध्यें उपटलेल्या दांतांवर जंतूंचे थर वाढवून त्रिफळा, हिरव्या चहांतील द्रव्यें व पांच टक्के हायपोक्लोराइट यांची तुलना प्रसिद्ध केली. त्रिफळ्याचा जंतुघ्न परिणाम लक्षणीय दिसला. सर्वांत अधिक परिणाम हायपोक्लोराइटाचाच होता. हा प्रयोग त्रिफळ्याची थट्टा करणाऱ्यांस उत्तर आहे, तसाच त्रिफळ्यानेंच भागेल म्हणणाऱ्यांसहि उत्तर आहे.

या सर्व पुराव्यांचें वजन सारखें नाहीं. इतिहासांत बखर, नक्कल व अस्सल पत्र यांचें मोल जसें वेगवेगळें, तसेंच येथें आहे. कांचेच्या तबकडींतील जंतूंवरचा प्रयोग ही ऐकीव बातमी होय. उपटलेल्या दांतावरचा प्रयोग ही नक्कल होय. रोग्याच्या तोंडांतील दांत कांहीं वर्षांनीं पुन्हां तपासणें हा अस्सल कागद होय. श्योग्रेन व त्याचे सहकारी यांनीं इ. स. १९९७ मध्यें असा कागद सादर केला: मूळ भरतेवेळीं जंतु सांपडले नाहींत अशा दांतांपैकीं शेंकडा ९४ बरे झाले, जंतु सांपडले होते अशांपैकीं शेंकडा ६८. म्हणजे धावन नीट झालें कीं नाहीं याचा परिणाम वर्षांनंतर हाडांत उमटतो.

(९)

एकंदर विवेचनावरून निघणारे निष्कर्ष असे.

पहिला: दंतनाडीचें ज्ञान, दांताच्या पोकळींत औषध भरण्याची कल्पना आणि ‘धावन’ ही संज्ञा प्राचीन वैद्यकांत निश्चितपणें होती, दांत राखून त्याच्या मुळाचें अंतर्धावन मात्र वर तपासलेल्या स्थळांत नाहीं. हें मान्य करण्यांत सुश्रुताचा कमीपणा नाहीं. नसलेलें श्रेय त्याच्या पदरीं बांधल्यानें असलेलें श्रेयहि संशयास्पद होतें.

दुसरा: इ. स. १८९७ च्या प्लेगांत पुण्याच्या पेठांतून ओतलेलीं द्रव्यें आणि त्या काळीं दंतमुळांत घातलेलीं द्रव्यें एकाच कुळांतलीं होतीं, व दोहोंचें अपयशहि एकाच जातीचें होतें. पृष्ठभाग शुद्ध झाला, रोगाचें घर तसेंच राहिलें.

तिसरा: सर्व कामें करणारें एक द्रव्य आजहि नाहीं. हायपोक्लोराइट मुख्य, शेवटीं ई. डी. टी. ए., आणि त्यांचा क्रम व अंतर संभाळणें, हीच आजची रीति आहे. शोधन व रोपण यांना वेगळीं द्रव्यें सांगणाऱ्या वाग्भटास ही रीति परकी वाटली नसती. फरक एवढाच, कीं आजचें द्रव्य प्रयोगाच्या कसोटीवर निवडलें आहे.

चवथा व व्यवहाराचा: ज्या दांताच्या हिरडीवर पुवाची पुळी आली आहे, त्यावर त्रिफळ्याच्या गुळण्या करीत महिने काढणें हें आयुर्वेदासहि धरून नाहीं. उपेक्षा केल्यास नाडी हाड भेदते, हा इशारा कोणा परदेशीयाचा नसून सुश्रुताचाच आहे. त्यानें दांत काढून रोगी वांचविला. आज दांतहि वांचवितां येतो. गुळण्यांनीं हिरडीस आराम वाटेल, पण नाडीचें मूळ जेथें आहे तेथवर त्या पोंचणार नाहींत.